उरलेलं सगळं

लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, कोड उतरवून घेतला की अगदी वरच्या पायरीवर ‘मेंटेनर्स’ नावाची एक साधी मजकुराची फाइल सापडते. वीस हजारांहून अधिक ओळींची. तिच्यात कोडची एकही ओळ नाही. कर्नलचा कोणता भाग कोण सांभाळतं आणि त्यात बदल सुचवायचा असेल तर तो कुणाकडे पाठवायचा, एवढंच ती सांगते. नोंदी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. सुरुवात आकड्यांपासून, थ्री-कॉमच्या जुन्या नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरपासून होते आणि क्रम झेडपर्यंत जातो. झेडनंतर, सगळ्यांच्या शेवटी, ‘टी’पासून सुरू होणारी एक नोंद येते: ‘द रेस्ट’. उरलेलं सगळं.

या नोंदीत सांभाळणारा म्हणून एकच नाव आहे, कर्नल सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स. फाइलींच्या रकान्यात नुसता तारा. संगणकाच्या भाषेत तारा म्हणजे जे काही असेल ते. स्थितीच्या रकान्यात इतर नोंदींमध्ये मोजक्या ठरीव शब्दांपैकी एक असतो. इथे मात्र लिहिलंय: चुका कळवणाऱ्यांच्या ढिगाखाली जिवंत गाडलेला.

पहिल्यांदा ही ओळ वाचली तेव्हा मी हसलो होतो. पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या एका लहानशा प्रकल्पात दुसऱ्यांचे पॅच, म्हणजे त्यांनी सुचवलेले बदल, तपासायची पाळी माझ्यावर आली. दिवसभराची नोकरी उरकून रात्री टपालपेटी उघडली की न वाचलेल्या पॅचचा आकडा कालच्यापेक्षा वाढलेला असे. त्या दिवसांत ती ओळ पुन्हा समोर आली आणि तिच्यातलं कारुण्य उमगलं. नियमातल्या ठरीव शब्दांत बसेना म्हणून एका माणसाने स्वतःची स्थिती जशी होती तशी लिहून टाकली, आणि ती आजही तिथेच आहे.

तेव्हापासून ही फाइल मी संहिता म्हणून वाचतो. हजारो हातांनी लिहिलेली, शैलीचा विचार कुणीही न केलेली, आणि तरीही प्रत्येक शब्द कुणाला तरी गरज पडली म्हणूनच आलेला. इतकं काटेकोर गद्य फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतं.

ही यादी जन्माला का आली ते आधी सांगायला हवं. 1991 मध्ये कर्नल सुरू झालं तेव्हा बदल पाठवायचे ते थेट टोरवाल्ड्सना. लिहिणारे वाढत गेले, वाचणारा एकच राहिला. 1998 च्या सुमारास पाठवलेले पॅच उत्तराविना हरवू लागले, लोक चिडले, आणि ‘लिनस पुरा पडत नाही’ हे वाक्य कर्नलच्या मंडळींत रूढ झालं. त्यात दोष कुणाचाच नव्हता. आज दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. ते सगळं एका माणसाने वाचणं शक्य नाही. मुक्त प्रकल्पांत लिहिणाऱ्यांची वाण फारशी पडत नाही. नवं काही करून दाखवायची हौस असते, त्याला नाव मिळतं. वाण पडते ती दुसऱ्याचं लिहिलेलं सावकाश, जबाबदारीने वाचणाऱ्यांची. आपल्या नियतकालिकांच्या संपादकांनाही हे नवं नाही.

फाइलीची रचना सातबाऱ्याची आठवण करून देणारी आहे. वर भागाचं नाव, खाली एकेका अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी. ‘एम’पुढे पॅच ज्याला पाठवायचे त्याचं नाव, ‘एल’पुढे चर्चेचा पत्ता, ‘एफ’पुढे हद्दीतल्या फाइली, ‘एक्स’पुढे हद्दीत असूनही वगळलेल्या, जसं उताऱ्यावर पोटखराब क्षेत्र वेगळं दाखवतात तसं. पण सातबाऱ्यावर नाव चढलं की हक्क मिळतो. इथे नाव चढलं की हक्काच्या आधी काम मिळतं. कोड सगळ्यांचाच असतो. नावाचा माणूस फक्त एवढं कबूल करतो की या हद्दीत काही बिघडलं तर मला हाक मारा.

नोंदी सुरू होण्याआधी एक मथळा आहे आणि त्याखाली एक सूचना: आधी जास्तीत जास्त नेमका भाग शोधून पाहा. मला या सूचनेत मोठा सुज्ञपणा दिसतो. हाक मारायची तर आधी जवळच्या माणसाला मारा, लगेच चावडीवर जाऊ नका. जो जिथलं जाणतो त्याच्याकडेच काम गेलं पाहिजे, आणि कुणाच्याच हद्दीत बसत नसेल तेव्हाच ते शेवटच्या ताऱ्यापर्यंत उतरावं. यासाठी पर्लमध्ये लिहिलेलं एक छोटं साधनही सोबत दिलं आहे: त्याला फाइलीचं नाव किंवा पॅच द्यायचा, ते ही यादी चाळून कुणाला लिहायचं ते सांगतं. नवख्या माणसाला कुणाची ओळख काढावी लागत नाही. ज्याला आत कुणी ओळखत नाही त्याच्यासाठी ही केवढी सोय आहे, हे ज्याने कधी बाहेरून दार वाजवलंय त्यालाच कळेल.

जुन्या आवृत्त्यांत यादीच्या माथ्यावर पॅच पाठवणाऱ्यांसाठी काही सूचनाही असत. त्यातल्या पहिल्याच सूचनेवर मी नेहमी थांबतो. बदल कितीही लहान असो, तो तपासून पाहा, आणि तो तपासायचा किमान चार-पाच माणसांवर, जमलं तर त्याहून बऱ्याच. ‘यंत्रांवर’ म्हणणं सोपं होतं. लिहिणाऱ्याने ‘माणसांवर’ म्हटलंय. त्या काळी प्रत्येक माणसाचं यंत्र वेगळं, म्हणून तसं म्हटलं असेल. तरी वाक्याचा कल कळतो. पॅच चालतो की नाही हे ठरवायला दुसरा माणूस लागतो, आणि एक पुरत नाही.

आता स्थितीच्या रकान्याकडे येऊ, कारण माझ्या मते या संहितेचा गाभा तिथे आहे. ‘एस’पुढे येणारे शब्द पाच. त्यांचा अर्थ फाइलीच्या सुरुवातीलाच दिलेला आहे आणि एकेक व्याख्या सुभाषितासारखी तोलून लिहिलेली आहे.

पहिला शब्द ‘सपोर्टेड’: हा भाग सांभाळण्यासाठी कुणाला तरी खरोखर पगार मिळतो. दुसरा ‘मेंटेन्ड’: हा भाग कुणीतरी खरोखर सांभाळतं. दोन्ही व्याख्यांतला ‘खरोखर’ हा शब्द काढून पाहा. अर्थ तसाच राहतो, पण वाक्यातला प्राण जातो. लिहिणाऱ्याला अनुभवाने ठाऊक होतं की नाव असणं आणि माणूस असणं यांत अंतर पडतं. देवळाच्या विश्वस्त मंडळात, सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत, सोसायटीच्या फलकावर अशी नावं आपण पाहिलेली आहेत. तो ‘खरोखर’ जणू सही करण्याआधी एकदा विचारतो: नक्की ना?

आणि या दोन शब्दांमधला फरक इतक्या उघडपणे मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आज कर्नलमधलं बहुतेक काम कंपन्यांच्या पगारावरची माणसं करतात. पण यादीत असंख्य भाग असे आहेत ज्यांच्यापुढे ‘मेंटेन्ड’ आहे, म्हणजे त्यातून कुणाचं घर चालत असेलच असं नाही. यादीत दोघांना जागा सारखीच, अक्षरांचा क्रम सारखाच. फक्त वाचणाऱ्याने किती अपेक्षा धरावी ते एका शब्दाने कळतं. पगारी माणसाकडून दोन दिवसांत उत्तर मागणं रास्त. मुलं झोपल्यावर पॅच वाचणाऱ्याकडून ते मागणं रास्त नाही.

तिसरा शब्द मला सगळ्यांत आवडतो: ‘ऑड फिक्सेस’. याला सांभाळणारा आहे, पण अधूनमधून एखादा पॅच घालण्यापलीकडे त्याला फारसा वेळ नाही. स्वेच्छेने काम करणाऱ्या संस्थांत मी इतकी वर्षं वावरलो, पण ‘मी आहे, मात्र थोडाच आहे’ असं म्हणायला जागा देणारा शब्द कुठे सापडला नाही. आपल्याकडे माणूस एकतर सर्वस्व वाहून घेतो, नाहीतर ‘हल्ली तो येत नाही’ असं त्याच्याबद्दल दबक्या आवाजात बोललं जातं. या दोहोंच्या मधला प्रदेश मोठा आहे आणि बहुतेक माणसं तिथेच राहतात. ‘ऑड फिक्सेस’ त्या प्रदेशाला नाव देतं. नाव मिळालं की लाज जाते, आणि लाज गेली की माणूस खरं सांगतो.

चौथा शब्द ‘ऑर्फन’, पोरकं. व्याख्या एवढीच की सध्या कुणी सांभाळणारा नाही. पण लगेच चौकटी कंस उघडतो आणि त्यात येतं: तुम्ही आपला नवा कोड लिहिता लिहिता ही भूमिका घेऊ शकाल कदाचित. पाच व्याख्यांपैकी ही एकच वाचणाऱ्याशी थेट, आर्जवाने बोलते. आधी वस्तुस्थिती, मग कंसात हलक्या आवाजात केलेली विनंती. त्या ‘कदाचित’मध्ये दडपण नाही. ‘नवा कोड लिहिता लिहिता’ असं म्हटल्याने काम अंगावर येत नाही. तू नाहीतरी इथे आलाच आहेस, तर जाता जाता या पोराचा हात धर, असा तो सूर आहे. पाचवा शब्द, ‘ऑब्सोलिट’, जुनं झालेल्या आणि दुसऱ्या चांगल्या व्यवस्थेने ज्याची जागा घेतली अशा कोडसाठी. तो आपलं काम करतो, त्यावर रेंगाळावं असं काही नाही.

हे शब्द प्रत्यक्षात कसे चालतात ते फ्लॉपी डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये दिसतं. 2019 मध्ये तो पोरका झाला. सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतलं यंत्रच उरलं नव्हतं. खऱ्या फ्लॉपी ड्राइव्ह मिळणंच दुर्मीळ झालं होतं. तरी कोड काढून टाकता येत नव्हता, कारण आभासी यंत्रांत फ्लॉपीची नक्कल अजून वापरात होती आणि वापरात असलेल्या कोडमध्ये चुका सापडत राहतात. पुढे एका नव्या माणसाने तो आपल्या अंगावर घेतला. नोंदीत त्याचं नाव चढलं आणि स्थिती लिहिली गेली: ऑड फिक्सेस. पोरकेपणातून एकदम पूर्ण सांभाळापर्यंत उडी नाही. जेवढं जमेल तेवढंच कबूल केलं, आणि तेवढ्याने भागलं.

‘आर’ हे अक्षर या यादीत उशिरा, 2014 मध्ये आलं. आर म्हणजे रिव्ह्यूअर, नेमलेला वाचक. तोवर नोंदीत नाव घालायचं तर ‘एम’ म्हणूनच: पॅच घेणं, आपल्या शाखेत ठेवणं, वर पाठवणं, बिघडलं तर उत्तर देणं, सगळंच. आर येताच वाचणं हे स्वतंत्र, नाव असलेलं काम झालं. कोणताही पॅच आला की त्याची प्रत याला धाडायची, एवढाच त्याचा अर्थ. आरसीयू नावाचा कर्नलमधला एक अतिशय नाजूक भाग आहे. अनेक प्रोसेसर एकाच वेळी तीच माहिती वाचत असताना ती बदलायची कशी, याची ती युक्ती. त्यातली चूक महिन्यातून एकदा, तीही दुसऱ्याच्याच यंत्रावर दिसते. त्या नोंदीत आज एकाहून अधिक ‘एम’ आहेत आणि त्यांच्या पाठोपाठ ‘आर’च्या ओळींची रांग. ती रांग पाहिली की हायसं वाटतं. एवढ्या अवघड जागी एकटं कुणाला ठेवलेलं नाही.

वाचणाऱ्याची खूण यादीपुरतीच राहत नाही. प्रत्येक बदलाच्या निवेदनाखाली काही ओळी असतात: कुणी सुचवलं, कुणी चूक कळवली, कुणी तपासून पाहिलं, कुणी वाचलं, कोणाच्या हातून पुढे गेलं. आधीची चूक दुरुस्त करायची असेल तर ती ज्या बदलात शिरली त्याची बारा अक्षरांची खूणही द्यायची. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते तशा या ओळी. यातली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ 2004 मध्ये, कर्नलमधल्या कोडच्या उगमाबद्दल एका कंपनीने कोर्टकज्जे उभे केल्यानंतर आली. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असं ती सही सांगते. पॅच ज्या ज्या हातांतून वर जातो त्या प्रत्येकाची सही खाली चढत जाते, म्हणून वरून खाली वाचत गेलं की त्याचा प्रवास कळतो.

पण माझं मन ‘रिव्ह्यूड-बाय’वर जडलंय. ती ओळ देणारा काय काय कबूल करतो, हे कर्नलच्या दस्तऐवजांत चार कलमांत लिहिलं आहे. मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला. मला आलेल्या शंका लिहिणाऱ्याला सांगितल्या आणि त्याच्या उत्तरांनी माझं समाधान झालं. यात अजून सुधारता येण्यासारखं काही असेल, तरी हा बदल कर्नलच्या फायद्याचा आहे आणि तो नाकारावा अशी अडचण मला ठाऊक नाही. शेवटचं कलम: तो नीट आहे असं मला वाटतं, पण तो सांगितलेलं काम करेलच याची हमी मी देत नाही.

हे शेवटचं कलम कोरड्या नजरेने वाचलं तर अंग काढून घेतल्यासारखं वाटेल. आपल्या जुन्या पोथ्यांचे लेखकही अखेरीस म्हणत की जसं पाहिलं तसं लिहिलं, चूक असेल तर दोष मला नको. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की फरक कळतो. पोथीचा लेखक दोष मूळ प्रतीवर ढकलतो. आपण फक्त उतरवून घेणारे, असं तो म्हणतो. रिव्ह्यू करणारा आधी तीन कलमं स्वतःच्या डोक्याने उभा राहतो, मी तपासलं, मी विचारलं, माझं मत हे, आणि मगच माणसाच्या नजरेची मर्यादा मान्य करतो. हमीची सक्ती असती तर कुणीही सही केली नसती. मर्यादा लिहून ठेवल्यामुळेच नवशिक्यालाही वाचायला बसता येतं.

इथे मला पैठणची आठवण होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पाठभेदांनी भरलेल्या प्रतींवरून ज्ञानेश्वरीची शुद्ध संहिता सिद्ध केली. ग्रंथाच्या शेवटी पाच ओव्या जोडून त्यांनी हे नोंदवून ठेवलं: काम कोणत्या वर्षी केलं, काय केलं, आणि यापुढे कुणी यात आपल्या पदरच्या ओव्या घालू नयेत अशी ताकीद. स्वतः मोठे कवी असूनही त्या कामात त्यांनी कवित्व बाजूला ठेवलं आणि वाचक झाले. तीनशे वर्षांपूर्वी दुसऱ्याने लिहिलेलं जपणं हेही निर्मितीच्याच तोलाचं काम आहे, हे मराठी परंपरेला ठाऊक होतं. कर्नलचा मार्ग नाथांच्या उलट दिशेने जातो: तिथे ओव्या घालायला सगळ्यांना मुभा आहे, मात्र प्रत्येक ओवी आधी कुणीतरी वाचलेली हवी आणि त्या वाचणाऱ्याचं नाव खाली हवं.

वाचणारे आणायचे कुठून, या प्रश्नावर सगळ्यांत सरळ उत्तर मला कर्नलच्या बाहेर, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींत दिसलं. त्यांच्याकडे ‘कमिटफेस्ट’ भरतात: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च, प्रत्येकी महिनाभर. साठलेले पॅच एका यादीत लावतात, एक स्वयंसेवक तो महिनाभर यादीची देखभाल करतो, आणि महिनाभर सगळ्यांनी मुख्यतः वाचायचं. नियम साधा आहे. पॅच ठेवलास, तर साधारण तेवढ्याच अवघड असा दुसऱ्याचा एक पॅच तू वाच.

ही आपली सावड आहे. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करतो. आज तुझं रान, उद्या माझं. हिशेब पैशात होत नाही, पण तो विसरलाही जात नाही. सावडीतला जिव्हाळा आणि सावडीतला ताण दोन्ही कमिटफेस्टमध्ये आहेत. नवख्याने केलेलं वाचन आणि वीस वर्षं आत असलेल्याने केलेलं वाचन एका मापाचं नसतं. शेवटी पॅच आत घेण्याचा अधिकार तीसच्या आसपास माणसांकडे आहे, त्यामुळे रांग दारात अडतेच. तरीही हा नियम मला मोलाचा वाटतो, कारण तो लिहिणाऱ्याला वाचक बनवतो. दुसऱ्याचा पॅच मन लावून वाचलेला माणूस पुढचा पॅच वेगळा लिहितो. निवेदन स्पष्ट करतो, एक मोठा बदल चार लहान तुकड्यांत देतो. वाचण्याचे कष्ट त्याने भोगलेले असतात.

त्या यादीतल्या स्थितीही पाहाव्यात. वाचन हवंय. लेखकाची वाट पाहतोय. आत घेण्यास तयार. आणि एक: अभिप्रायासह परत. मराठी नियतकालिकांच्या ‘साभार परत’वर पिढ्यान् पिढ्या लेखकांची मनं मोडली. त्या पाकिटात आभार असत, कारण नसे. ‘अभिप्रायासह परत’ म्हणजे तुझं वाचलं, इथे इथे अडलो, सुधारून आण. नकाराचं दार किलकिलं ठेवण्याची ही रीत मला फार सुसंस्कृत वाटते.

भार वाटून घेण्यात धोका नाही, असं मी म्हणणार नाही. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी जगभरच्या लिनक्स यंत्रांवर असते. ती वर्षानुवर्षं लासे कॉलिन या एका माणसाने विनामोबदला, छंद म्हणून सांभाळली. 2022 मध्ये त्याच्यावर दडपण येऊ लागलं: काम मंद चाललंय, कुणाला तरी सोबत घे. ती पत्रं पाठवणारी नावं बनावट असावीत, असं पुढे दिसून आलं. त्याच काळात ‘जिआ तान’ नावाने वावरणारं कुणीतरी नेमाने पॅच पाठवत होतं, मदत करत होतं. हळूहळू त्याला अधिकार मिळाले. 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा दडवला. त्याची किल्ली सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती, जिथे वाचणाऱ्यांची नजर सहसा जात नाही. ते उघडकीला आणलं अँड्रेस फ्रॉइंड यांनी, 29 मार्च 2024 रोजी. लॉगिनला अर्ध्या सेकंदाच्या आसपास जास्त वेळ लागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते कारण शोधत खाली खाली गेले. फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचे माणूस. दुसऱ्याचे पॅच वाचण्यात ज्यांची वर्षं गेली, त्या मंडळींतले. मला ही गोष्ट निव्वळ योगायोग वाटत नाही.

‘मेंटेनर्स’ फाइलीच्या वाचकाला या कहाणीत आणखी एक ओळ सापडते. त्याच मार्चमध्ये, चोरदरवाजा उघड होण्याच्या काही दिवस आधी, कर्नलमधल्या एक्सझेडच्या भागासाठी यादीत नवी नोंद घालण्याचा प्रस्ताव आला होता. त्यात ‘एम’च्या ओळी दोन होत्या: कॉलिन आणि तान. तो तसा आत गेला नाही. काही महिन्यांनी नोंद पुन्हा आली, तेव्हा ‘एम’ एकच होता. एकट्याने ओझं वाहणाऱ्याने मदतीचा हात धरला, तो हात कुणाचा निघाला, आणि शेवटी तो पुन्हा एकटाच: हे सगळं एका वगळलेल्या ओळीत आहे. तिच्यावरून मी अनेकदा डोळे फिरवले आहेत. यातून ‘कुणावर विश्वास ठेवू नका’ असा धडा काढणारे भेटतात. मला तो पटत नाही. कॉलिनच्या शेजारी आधीपासून दोन-तीन खरे वाचक उभे असते, तर बनावट पत्रांना त्याला एकटं गाठता आलं नसतं.

सगळी नावं आपल्या इच्छेने जात नाहीत, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर 2024 मध्ये दहा-बारा नावं एका फटक्यात यादीतून काढली गेली. बहुतेकांचा रशियाशी संबंध होता आणि कारण म्हणून नियमपालनाची गरज एवढंच लिहिलं होतं. कागदपत्रं दिली तर परत येता येईल, असंही त्यात म्हटलं होतं. कायद्याची निकड खरी असेल. पण एरवी ज्या संहितेत प्रत्येक शब्द माणसाकडे पाहून लिहिलेला असतो, तिच्यातलं हे पान वाचताना घसा कोरडा होतो.

गेलेल्यांसाठी शेजारीच दुसरी फाइल आहे, ‘क्रेडिट्स’. यादीतून उतरलेली पुष्कळ नावं तिकडे जातात. तिथे स्थितीचा रकाना नाही. नाव, जमल्यास पत्ता, आणि ‘डी’पुढे या माणसाने काय केलं त्याच्या एक-दोन ओळी. टोरवाल्ड्स यांची नोंदही तिथे आहे. त्यांच्या ‘डी’पुढे तीन शब्द, मूळ कर्नल हॅकर. लाखो ओळींचा हिशेब तीन शब्दांत. तरी सोडणं त्यांना जमत नाही असं नाही. गिट हे साधन त्यांनी एप्रिल 2005 मध्ये लिहायला घेतलं आणि त्याच जुलैमध्ये ते ज्युनियो हमानो यांच्या हाती दिलं. हमानो आजही ते सांभाळतात.

एक गोष्ट मनात राहते. कर्नलच्या दस्तऐवजांची चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांतरं झाली आहेत आणि त्यांतली काही सांभाळणाऱ्यांच्या नोंदीही या यादीत आहेत. मराठीची नाही. पुण्यात कितीतरी मराठी माणसं रोज कर्नलचा कोड वाचतात. त्यांच्यातल्या कुणी तो भाग अंगावर घेतला, तर सुरुवातीला ‘ऑड फिक्सेस’ लिहिलं तरी चालेल.

या फाइलीत होणारे बदल वाचायची मला सवय आहे. त्यातला एक प्रकार वारंवार दिसतो आणि दर वेळी मी तो हळू वाचतो. निवेदन चार ओळींचं असतं: हल्ली मला पूर्वीइतका वेळ देता येत नाही, अमुक अमुक गेली काही वर्षं बहुतेक पॅच वाचतच आहेत, त्यांनी पुढे घ्यावं, मी वाचायला आहे. खाली बदल. वजाचं चिन्ह, ‘एम’, आणि त्याचं नाव. अधिकचं चिन्ह, ‘एम’, आणि नवं नाव. पुन्हा अधिकचं चिन्ह, ‘आर’, आणि त्याचंच नाव, त्याच पत्त्यासह. निवेदनाखाली त्याची सही आणि नव्या माणसाची संमती. कधी कुणा जुन्या सहकाऱ्याची ‘रिव्ह्यूड-बाय’. दोन ओळींच्या अंतरावर पुढची नोंद सुरू होते, तिच्यापुढची, तिच्यापुढची, झेडपर्यंत. आणि सगळ्यांच्या तळाशी तो तारा, अजून जागच्या जागी.